प्रकाशाने होणारे त्वचेचे उपचार : कोणता किरण, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली

कोड किंवा सोरायसिस असलेल्या रुग्णाला त्वचारोगतज्ज्ञाने ‘आठवड्यातून दोन-तीन वेळा लाइट घ्यावी लागेल’ असे सांगितले की घरी बहुधा दोन शंका निघतात. नुसते उन्हात बसून हेच काम फुकट होणार नाही का, ही एक. आणि ही लाइट म्हणजे कर्करोगाच्या रुग्णाला देतात तोच किरणांचा शेक तर नव्हे, ही दुसरी. दुसरीचे उत्तर सोपे आहे. कर्करोगासाठी वापरले जाणारे किरण शरीरात खोलवर शिरतात. त्वचारोगांसाठी वापरला जाणारा प्रकाश त्वचेतच, फार तर काही मिलिमीटरांच्या आत, शोषला जातो आणि त्याने केस गळत नाहीत किंवा रक्तपेशी कमी होत नाहीत. पहिल्या शंकेचे उत्तर द्यायला मात्र थोडा वेळ लागतो, कारण सूर्यप्रकाशाने हे काम खरोखर होऊ शकते आणि शतकानुशतके झालेलेही आहे. अडचण एवढीच, की सूर्य आपला डोस मोजून देत नाही.

आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत श्वित्रावर, म्हणजे कोडावर, बाकुची देऊन रुग्णाला उन्हात बसवण्याचा उपचार सांगितलेला आहे. ही बाकुची म्हणजे काष्ठौषधींच्या दुकानात आजही मिळणारी बावची. इजिप्तमध्ये नाईलकाठी उगवणाऱ्या एका वेगळ्याच वनस्पतीच्या बियांची पूड याच कामासाठी वापरली जात असे. कैरो येथील डॉक्टर अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात त्या वनस्पतीतून वेगळे काढलेले द्रव्य कोडाच्या रुग्णांना देऊन पाहिले, आणि प्रकाशाच्या मदतीनेच काम करणाऱ्या औषधांचे आधुनिक पर्व सुरू झाले. बावची आणि ती इजिप्शियन वनस्पती या दोन्हींत सोरालेन या एकाच कुळातील रसायने आहेत. अंधारात ती जवळजवळ निष्क्रिय असतात. त्यांच्यावर यूव्हीए हा अतिनील किरणांचा लांब लहरींचा प्रकार पडला, की ती पेशीतील डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकतात आणि पेशीचे विभाजन थांबते.

सोरायसिसमध्ये नेमके हेच हवे असते. निरोगी त्वचेच्या वरच्या थरातील पेशी तळापासून पृष्ठभागापर्यंत यायला सुमारे चार आठवडे घेतात. सोरायसिसच्या चट्ट्यात हा प्रवास काही दिवसांतच उरकतो आणि अर्धवट पिकलेल्या पेशींचे पापुद्रे साचत जातात. १९७४ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी सोरालेनची गोळी आणि यूव्हीए नळ्यांची उभी पेटी यांचा मेळ घालून सोरायसिसचे जुनाट चट्टे साफ करून दाखवले. सोरालेनच्या इंग्रजी स्पेलिंगमधले (psoralen) पहिले अक्षर ‘पी’ आणि यूव्हीए एकत्र करून त्या उपचाराला ‘पुवा’ म्हणू लागले. पेटीऐवजी ऊन वापरले तर तो ‘पुवासोल’. जिथे यंत्र नाही, पण ऊन भरपूर आहे, अशा आपल्यासारख्या देशात तो अनेक वर्षे कोडावरचा मुख्य उपचार होता आणि गावाकडे अजूनही दिला जातो.

कोडात काम करण्याची रीत थोडी वेगळी आहे. तिथे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींवर शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते. प्रकाश एकीकडे त्या हल्लेखोर पेशींना थोपवतो आणि दुसरीकडे केसांच्या मुळाशी दडून राहिलेल्या रंगपेशींना जागे करून वर आणतो. म्हणूनच सुधारणा सुरू झाली की पांढऱ्या डागात प्रथम केसांभोवती तपकिरी ठिपके दिसतात आणि ते पसरत एकमेकांना मिळतात. जिथे केस भरपूर, तिथे म्हणजे चेहरा आणि मान येथे, निकाल चांगला येतो. बोटांची टोके, ओठ आणि तळवे यांना केसच नसल्यामुळे तिथे महिनोन्‌महिने लाइट घेऊनही फारसा फरक पडत नाही. डागातील केसही पांढरे झाले असतील तर राखीव साठाच संपला असे समजावे लागते. अशा जागी, आणि डाग दीर्घकाळ स्थिर असतील तर, त्वचारोपणाचा विचार होतो. ही गोष्ट रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगायला हवी आणि ती अनेकदा सांगितली जात नाही, असे मला वाटते. बोटांवरच्या डागांसाठी वर्षभर फेऱ्या मारून निराश झालेल्या माणसाचा मग चेहऱ्यावरच्या उपचारावरचाही विश्वास उडतो.

पुवाचे तोटे सोरालेनमुळेच येतात. गोळी घेतल्यावर मळमळते, म्हणून ती जेवणाबरोबर घ्यायला सांगतात. औषध रक्तातून डोळ्यांपर्यंतही पोचते, त्यामुळे गोळी घेतल्यापासून पुढचा पूर्ण दिवस उन्हात आणि खिडकीजवळही यूव्हीए अडवणारा गडद चष्मा वापरावा लागतो. खिडकीच्या काचेने भागत नाही, कारण साधी काच यूव्हीबी हा आखूड लहरींचा अतिनील प्रकार अडवते पण यूव्हीए बरेचसे आत येऊ देते. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना ही गोळी देत नाहीत. अमेरिकेत १९७० च्या दशकात पुवा घेतलेल्या रुग्णांचा जो दीर्घ पाठपुरावा झाला, त्यात खूप जास्त वेळा उपचार घेतलेल्यांमध्ये त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले. ते रुग्ण मुख्यतः गोऱ्या त्वचेचे होते आणि सावळ्या त्वचेला तो धोका बराच कमी असतो, तरीही एकूण वेळांचा हिशेब ठेवण्याची पद्धत तेव्हापासून पडली.

आणखी एक तोटा घरगुती वापरात फार महागात पडतो. नेहमीच्या उन्हाने भाजलेली त्वचा बारा ते चोवीस तासांत लाल होते. सोरालेन लावून भाजलेली त्वचा दोन-तीन दिवसांनी सर्वांत जास्त लाल होते. बावचीचे तेल लावून पहिल्या दिवशी उन्हात बसणाऱ्याला संध्याकाळी काहीच दिसत नाही, म्हणून तो दुसऱ्या दिवशी जास्त वेळ बसतो आणि तिसऱ्या दिवशी डागांवर मोठमोठे फोड घेऊन डॉक्टरांकडे येतो. ‘वनस्पतीचे आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य बावचीच्या बाबतीत सपशेल खोटे आहे.

या साऱ्यातून सुटका करणारा उपचार १९८० च्या दशकात आला. अतिनील किरणांच्या कोणत्या लहरी सोरायसिसवर खरोखर काम करतात हे तपासताना असे दिसले की तीनशे नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) खालच्या लांबीच्या लहरी त्वचा भाजतात पण चट्टे घालवत नाहीत; उपयोग होतो तो ३१३ नॅनोमीटरच्या आसपासच्या लहरींचा. मग फक्त ३११ ते ३१३ नॅनोमीटरचा अरुंद पट्टा देणाऱ्या नळ्या तयार झाल्या. यालाच ‘नॅरोबँड यूव्हीबी’ म्हणतात. तो सोरालेनशिवाय दिला जातो, त्यामुळे मळमळ नाही, दिवसभर चष्मा नाही, आणि मुलांना व गरोदर स्त्रियांनाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो देता येतो. १९९७ मध्ये नेदरलँड्समधील डॉक्टरांनी तो कोडातही उपयोगी असल्याचे दाखवले. आज ‘लाइट घ्या’ असे सांगितले जाते तेव्हा बहुतेक वेळा अभिप्रेत असतो तो हाच. पाच-सहा डागच असतील तर संपूर्ण शरीराच्या पेटीऐवजी ३०८ नॅनोमीटरचा एक्सायमर दिवा केवळ त्या डागांवर फिरवतात.

पेटीत प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. रुग्ण डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून, पुरुष असल्यास जननेंद्रिय झाकून, नळ्यांनी वेढलेल्या उभ्या चेंबरमध्ये उभा राहतो. पहिल्या दिवशी एखादे मिनिट किंवा त्याहूनही कमी वेळ. त्यानंतर प्रत्येक वेळी डोस साधारण दहा ते वीस टक्क्यांनी वाढवतात, ते दुसऱ्या दिवसापर्यंत टिकणारी फिकट गुलाबी छटा डागांवर येईपर्यंत. छटा आली की डोस तिथेच ठेवतात. त्वचा दुखू लागली किंवा फोड आला तर लाइट थांबवतात. लागोपाठच्या दोन दिवशी लाइट देत नाहीत, कारण आदल्या दिवसाचा परिणाम पूर्ण दिसल्याशिवाय पुढचा डोस ठरवता येत नाही.

येथे डोस म्हणजे मिनिटे नव्हेत, हे नीट समजून घेतले पाहिजे. डोस मोजतात तो त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पडलेल्या ऊर्जेत, मिलिज्यूलमध्ये. समजा डॉक्टरांनी तीनशे मिलिज्यूल लिहिले आहेत. नळ्या नव्या असतील आणि प्रत्येक चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॅट, म्हणजे सेकंदाला पाच मिलिज्यूल, देत असतील तर त्याला ६० सेकंद लागतील. त्याच नळ्या जुन्या होऊन तीन मिलिवॅटवर आल्या असतील तर १०० सेकंद. त्यामुळे एका दवाखान्यातली ‘दीड मिनिटे’ दुसऱ्या दवाखान्यात भाजू शकतात किंवा अगदीच निरुपयोगी ठरू शकतात. नळ्यांची तीव्रता ठरावीक काळाने मीटरने मोजणे हे चांगल्या केंद्राचे लक्षण आहे, आणि चेंबरच्या बाहेर लावलेल्या चकचकीत फलकापेक्षा ते कितीतरी जास्त सांगून जाते. उन्हाबद्दलच्या त्या पहिल्या शंकेचे उत्तरही यातच आहे: वैशाखातले ऊन आणि श्रावणातले ऊन, सकाळचे आणि दुपारचे, यांत उपयोगी लहरींचे प्रमाण इतके बदलते की प्रत्येक वेळी दहा-वीस टक्क्यांची शिस्तशीर वाढ उन्हात करणे केवळ अशक्य आहे.

सोरायसिसमध्ये वीस ते तीस वेळा लाइट घेतल्यावर बहुधा चांगला फरक दिसतो. कोडाला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही अधिक लागते, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत काहीच दिसले नाही म्हणून सोडून देणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत एसटीचा किंवा लोकलचा प्रवास आणि चेंबरमध्ये अवघी दोन मिनिटे, असा हा व्यवहार नोकरदाराला आणि मजुराला सारखाच जड जातो. यंत्र घरी ठेवूनही उपचार करता येतात आणि हातात धरायची लहान यंत्रे मिळतात, परंतु डोसाचे वेळापत्रक डॉक्टरांनी आखलेले असावे आणि दर काही आठवड्यांनी त्यांनी त्वचा पाहिलेली असावी, ही अट त्यातून सुटत नाही. मध्ये आठवड्याहून मोठा खंड पडला असेल तर डोस कमी करून सुरुवात करावी लागते. तीन-चार आठवडे गेले असतील तर जवळजवळ पहिल्यापासून.

आता दुसऱ्या प्रकारच्या उपचाराकडे वळतो. इंग्रजी वैद्यकीय माहितीत ‘लाइट-ॲक्टिव्हेटेड’ असा उल्लेख येतो तेव्हा बहुधा तोच अभिप्रेत असतो: फोटोडायनॅमिक थेरपी, थोडक्यात पीडीटी. तिचे मूळ १९०० साली म्युनिकमध्ये सापडते. ऑस्कर राब हा विद्यार्थी ॲक्रिडीन नावाच्या रंगाचा सूक्ष्म जीवांवर होणारा परिणाम पाहत होता. तेच द्रावण उजेडात जीव मारत होते आणि अंधारात मारत नव्हते. त्याचे गुरू हर्मान फॉन टापाइनर यांनी पुढे दाखवले की या प्रक्रियेला रंग आणि प्रकाश यांच्याबरोबर प्राणवायूही लागतो. काही वर्षांनी फ्रीड्रिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टराने रक्तातील लाल द्रव्याशी नाते असलेले पॉर्फिरिन हे रसायन स्वतःलाच टोचून घेतले आणि उन्हात गेला. त्याचा चेहरा आणि हात ओळखू येणार नाहीत इतके सुजले आणि उन्हाचा त्रास पुढे कित्येक आठवडे टिकला.

टोचलेले रसायन शरीरभर पसरते, ही अडचण १९९० मध्ये कॅनडातील केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवली. त्यांनी पॉर्फिरिन दिलेच नाही. ते ज्यापासून बनते ते अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल त्वचेवर लावले. जवळजवळ प्रत्येक पेशी हीम हा रक्तातील लाल द्रव्याचा घटक बनवताना या आम्लापासून पायरी-पायरीने पॉर्फिरिन तयार करते आणि शेवटच्या पायरीला त्यात लोह बसवते. आम्ल बाहेरून भरपूर दिले की ती शेवटची पायरी मागे पडते आणि पॉर्फिरिन साचते, रोगट आणि वेगाने वाढणाऱ्या पेशींत अधिकच. त्यावर निळा किंवा लाल प्रकाश टाकला, की पेशीतील प्राणवायूचे अतिशय आक्रमक रूप तयार होते आणि जिथे तयार झाले तिथल्याच पेशीला ते मारते, कारण निमिषार्धात ते स्वतःही नष्ट होते. अमेरिकेत १९९९ च्या अखेरीस या आम्लाचे २० टक्के द्रावण आणि निळा दिवा यांना, उन्हाने गोऱ्या त्वचेवर येणाऱ्या खरखरीत, पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या ठिपक्यांसाठी मान्यता मिळाली. तिथे दिव्याखाली बसण्याची ठरलेली वेळ १६ मिनिटे ४० सेकंद आहे.

हे ठिपके सावळ्या त्वचेवर क्वचितच येतात, म्हणून महाराष्ट्रात किंवा गोव्यात पीडीटीची गरज कमी लोकांना पडते: त्वचेच्या अगदी वरवरच्या काही कर्करोगांत, आणि काही ठिकाणी हट्टी मुरुमांसाठी. मुरुमांसाठी तिचा सल्ला मिळाला तर मी तरी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेईन, कारण मुरुमांवर इतर चांगले आणि स्वस्त उपचार आहेत, आणि सावळ्या त्वचेवर पीडीटीनंतर काळे डाग महिनोन्‌महिने राहू शकतात. उपचाराच्या वेळी जळजळ होते, कधी बरीच होते. हे आधी सांगितलेले असावे. नंतरचे दोन दिवस उजेड टाळायचा असतो आणि तिथे लोक हमखास फसतात, कारण ते सनस्क्रीन लावून बाहेर पडतात. सनस्क्रीन अतिनील किरण अडवते. पॉर्फिरिन जागे होते ते डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही. त्यामुळे रुंद टोपी, ओढणी, पूर्ण बाह्या आणि शक्य तो घरात राहणे, हेच खरे संरक्षण. बाजारात मिळणारे लाल-निळ्या एलईडीचे मुखवटे या उपचारात मोडत नाहीत. त्यांत औषधही नसते आणि प्रकाशही सौम्य असतो. नवजात बाळाला काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवतात तो प्रकारही निराळा, त्यात प्रकाश थेट पित्तद्रव्याचे रूप बदलतो.

कोणतीही लाइट सुरू होण्याआधी निदान व्हायला हवे, आणि योग्य डॉक्टर निवडण्याचे महत्त्व इथे सर्वांत जास्त आहे. प्रत्येक पांढरा डाग कोड नसतो. मुलांच्या गालावरचे फिकट, किंचित खरखरीत डाग पाहून ‘जंत झाले’ किंवा ‘कॅल्शियम कमी पडले’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे; बहुतेकदा तो कोरड्या त्वचेचा सौम्य प्रकार असतो आणि साध्या मलमाने व वेळेने जातो. शिबे बुरशीमुळे होतात. कुष्ठरोगाचा डाग दुधासारखा पांढरा नसून फिकट असतो आणि त्या जागेची संवेदना कमी झालेली असते. महाराष्ट्रात हा आजार अजून संपलेला नाही, आणि त्याला कोड समजून लाइट देत बसणे म्हणजे नसांचे नुकसान होऊ देणे. त्वचारोगतज्ज्ञ डागावर कापूस टेकवून संवेदना पाहतात, बुरशीसाठी त्वचा खरवडून तपासतात आणि अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्प हा अतिनील किरणांचा दिवा धरतात. त्याच्या उजेडात कोडाचा डाग निळसर पांढरा उजळतो आणि शिबे पिवळट दिसतात. ही तपासणी दहा मिनिटांची असते. ती न करता थेट वीस बैठकांचे पॅकेज सांगणारा दवाखाना टाळावा.

त्वचारोगतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग या विषयात तीन वर्षांचे एमडी किंवा डीएनबी, अथवा पदविका घेतलेला डॉक्टर. कॉस्मेटॉलॉजिस्ट, एस्थेटिक फिजिशियन, ट्रायकॉलॉजिस्ट या पाट्या त्या शिक्षणाची हमी देत नाहीत, मग दवाखाना कितीही थंडगार असो. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत तो तपासता येतो. पदव्युत्तर पदवीची नोंदही तिथेच होते. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांची संघटना आयएडीव्हीएल हीदेखील सदस्यांची माहिती देते. खर्च परवडत नसेल तर मुंबईतील केईएम, नायर, सायन, जेजे, पुण्यातील ससून, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा गोव्यात बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज यांच्या त्वचारोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात जावे. तिथे गर्दी असते, पण कुष्ठरोगापासून कोडापर्यंत सारे रोज पाहिलेले डॉक्टर असतात.

पहिल्या भेटीला जाताना चालू असलेल्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या न्याव्यात, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या मलमांसह. डॉक्सिसायक्लीनसारखी प्रतिजैविके आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या त्वचेला प्रकाशाबद्दल हळवे करतात. ल्युपस आणि पॉर्फिरिया यांसारखे उन्हाने बळावणारे आजार किंवा त्वचेच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर ते आधीच सांगावे, कारण अशा रुग्णांना लाइट देणे धोक्याचे ठरू शकते. डॉक्टरांना विचारायचे ते असे: निदान नेमके काय आहे, माझ्या डागांच्या जागा पाहता किती सुधारणा अपेक्षित आहे, लाइटबरोबर मलम किंवा गोळी लागेल का, आणि डोस प्रत्येक वेळी कोण ठरवणार. शेवटच्या प्रश्नाला ‘तंत्रज्ञ बघून घेतात’ एवढेच उत्तर आले तर पुढचे विचारावे: त्वचा लाल झाली तर त्या दिवशी डॉक्टर पाहतील का?

आणि प्रत्येक फेरीची नोंद असलेले कार्ड मागून घ्यावे. त्यात तारीख, यंत्राचा प्रकार, मिलिज्यूलमधील डोस, दुसऱ्या दिवशीची त्वचेची स्थिती आणि आतापर्यंतच्या एकूण वेळा असाव्यात. सोबत दर दोन-तीन महिन्यांनी त्याच जागेवर, त्याच उजेडात काढलेले डागांचे फोटो असले तर उत्तम. बदली झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी जावे लागले किंवा डॉक्टर बदलावासा वाटला, तर हे कार्ड पाहून नवा डॉक्टर आपल्या यंत्राचा हिशेब लावून पुढे जाऊ शकतो. ते नसेल तर त्याला सुरक्षिततेसाठी पहिल्या डोसापासूनच सुरुवात करावी लागते.